वरची खोली, एप्रिल महिना आणि ९५ मिलिव्होल्ट: एका एडिटिंग लॅपटॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका घराच्या वरच्या मजल्यावर लग्नाचे व्हिडिओ तयार होतात. नवरा शूटिंग करतो, बायको एडिटिंग. हे प्रकरण बायकोच्या लॅपटॉपचं, आणि तो थंड ठेवायला मी त्याच्या चिपचं व्होल्टेज उतरवून पाहिलं त्याचं. त्यांना इथे नुसतं ताई म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लॅपटॉपच्या कंपनीचं नावही घेत नाही, कारण त्या काळच्या बारीक अंगाच्या बहुतेक दमदार लॅपटॉपांची तऱ्हा हीच आहे.

मी लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. दुकानात एसी आहे. हे वाक्य आत्ता बिनकामाचं वाटेल, पुढे ते मला चांगलंच भोवलं.

लॅपटॉप २०१९च्या अखेरीस घेतलेला. आत इंटेलचा कोअर आय७-९७५०एच: ६ कोअर, १२ थ्रेड, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्‌झ, एखाद्या कोअरवर चढला तर ४.५ पर्यंत. कागदावर ४५ वॉटचा. १४ नॅनोमीटरवरची ही पिढी कामाला दणकट पण खायला भुकेली. सहाही कोअर जोरात पळवायचे तर ४५ वॉट पुरत नाहीत, म्हणून थोड्या सेकंदांसाठी त्याहून बरीच जास्त वीज ओढायची मुभा तिला दिलेली असते. शेजारी वेगळं ग्राफिक्स कार्ड, आणि दोघांची उष्णता वाहणाऱ्या तांब्याच्या नळ्या एकच.

लॅपटॉप ज्या खोलीत राहतो ती थेट स्लॅबखाली. खाली हॉलमध्ये खिडकीला कूलर आहे, पण या खोलीत नाही, आणि ते मुद्दाम. कॅमेरे आणि लेन्सा त्याच खोलीतल्या कपाटात असतात. कूलरच्या दमट हवेनं एका लेन्सला आधी बुरशी लागून गेलेली. त्यामुळे कूलर लावा म्हणणारा प्रत्येक माणूस ताईंच्या दृष्टीनं लेन्सचा शत्रू. एप्रिल २०२५मध्ये पारा ४४च्या वर गेला होता त्या दिवसांत मी त्या टेबलावर साधा थर्मामीटर ठेवून पाहिला. दुपारी तीनला ३९ अंश, रात्री अकराला ३६.

अडचण

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. नागपुरात त्या दिवशी मंगल कार्यालय मिळत नाही आणि एडिटरला झोप मिळत नाही. ताईंचा फोन त्याच्या दहाएक दिवस आधी आला.

“दादा, हा लॅपटॉप नाही, तवा होऊन राहिला. दुपारी एक्स्पोर्टला लावला की नुसता ओरडते, आणि काम म्हणाल तर मुंगीच्या पावलानं.”

त्यांच्याकडे मोजमाप तयार होतं, हे मला फार आवडलं. हळदीच्या एका कार्यक्रमाची २२ मिनिटांची टाइमलाइन होती. जानेवारीत ती एक्स्पोर्ट व्हायला, म्हणजे तिचा तयार व्हिडिओ निघायला, ५० मिनिटांच्या आसपास लागत. आता दुपारी तीच टाइमलाइन ७१ मिनिटं घेत होती. दोनदा लॅपटॉप मधेच बंद पडलेला.

दुकानात न बोलावता मी घरी गेलो. एक्स्पोर्ट चालू असताना प्रोसेसर ९७ अंशांवर टेकलेला, वेग २.५ च्या आसपास आणि वीज ३२ वॉटच. म्हणजे चिप स्वतःला वाचवत होती: ९७ च्या पुढे जायचं नाही म्हणून वेग खाली ओढायचा, थोडी थंडावली की वर, परत खाली. तापमान मी दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं. मे २०२४ अखेरीस आपल्याच गावातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि मग हवामान खात्यानं सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं, तेव्हापासून एका सेन्सरच्या भरवशावर मी कोणाला काही सांगत नाही.

आधी झाडू

व्होल्टेजला हात लावण्याआधी लॅपटॉप उघडला. पंख्याच्या मागच्या पातळ पात्यांवर धुळीची एक घट्ट गोधडी बसली होती. चिमट्यानं धरून ओढली तर अख्खीच्या अख्खी निघाली, जणू कुणी मापानं कापून बसवली असावी. तिच्यात राखाडी सिमेंटची भुकटी होती. त्यांच्या गल्लीत रस्त्याचं काम वर्षभर चालू होतं. प्रोसेसरवरची उष्णता वाहणारी पेस्ट सुकून कडक खपली झालेली. ती पुसून नवी लावली.

त्याच खोलीत, त्याच तापमानाला परत मोजलं. आता प्रोसेसर ४५ वॉट पूर्ण घेत होता, ३.१ गिगाहर्ट्‌झवर टिकून होता, तापमान ९३. एक्स्पोर्ट ५४ मिनिटं. म्हणजे गेलेला बहुतेक वेग झाडूनंच परत आणला. इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ९३ अंश तासन्‌तास, तेही एप्रिलमध्ये, मे अजून बाकी, आणि पंखा पूर्ण आवाजात. ताईंना आवाजाचा त्रास सर्वांत जास्त होता. संगीताच्या बीटवर कट मारायचा तर पंख्याचा आवाज आड येतो.

समोरचे पर्याय

नवा लॅपटॉप किंवा खोलीला एसी: दोन्ही सीझनचे पैसे हातात आल्यावर. आत्ता नाही.

कूलिंग पॅड: दोन-तीन अंशांचा फरक पडतो, त्यांच्याकडे होताही. ३९ अंशांची हवा कितीही जोरानं फुंकली तरी ती ३९ अंशांचीच.

टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर चढणं, बंद करणं: विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो थांबतो आणि वेग २.६ वर अडकतो. फुकट, निर्धोक, थंड. पण मग एका कोअरवर चालणारी कामं, म्हणजे टाइमलाइनवर मागेपुढे सरकणं, टायटल टाइप करणं, सगळं जड होतं. ताईंनी दहा मिनिटं वापरून “नको” म्हटलं.

विजेची मर्यादा कमी करणं: ४५ ऐवजी ३८ किंवा ३५ वॉट. हा पर्याय मी त्या दिवशी वहीत लिहिला आणि पुढच्या ओळीवर गेलो. तिथे थांबायला हवं होतं.

आणि अंडरव्होल्टिंग. चिपला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करायचं, वेग तोच ठेवायचा.

हे का चालतं, ते मी गिऱ्हाइकांना गणवेशाच्या उदाहरणानं सांगतो. शाळेचा गणवेश आई वाढत्या अंगाचा शिवून घेते. कारखानाही व्होल्टेज असंच वाढत्या अंगाचं ठरवतो, कारण त्या नावाची सगळ्यांत दुबळी चिपही सगळ्यांत वाईट परिस्थितीत चालली पाहिजे. तुमच्या वाट्याला आलेली चिप बरी असेल तर तेवढं सैल कापड नुसतंच लोंबत असतं. आणि चिपच्या कामाला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १ व्होल्टच्या आसपास चालणाऱ्या चिपचं व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवलं तर त्याच वेगाला त्या कामाची वीज सुमारे १९ टक्के कमी लागते. दहा दिले, एकोणीस वाचले. म्हणून हा उपाय इतका मोहात पाडतो.

सासरे बाजूला बसून ऐकत होते. बँकेतून निवृत्त. ते म्हणाले, “लो व्होल्टेजनं तर मोटर जळते ना भाऊ. मागच्या साली कूलरचा पंप गेला आमचा तसाच.”

प्रश्न रास्त होता, आणि नागपुरात प्रत्येक घरातून येतो. पंपाला पाणी तेवढंच चढवायचं असतं; व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो, गुंडाळी तापते, जळते. चिपमध्ये असं नाही. तिथे अब्जावधी बारीक बटणं उघडझाप करतात, प्रत्येक वेळी थोडासा विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो. व्होल्टेज कमी तर तो भार कमी, करंट कमी, ताप कमी. चिप जळणार नाही. पण व्होल्टेज फारच कमी झालं तर एखादं बटण वेळेत उघडणार नाही आणि बेरीज चुकेल.

“म्हणजे जळत नाही, हिशेबात चुकते.”

“हो काका.”

“मग ते जळण्यापेक्षा वाईट आहे बाप्पा. जळलेलं दिसते तरी.”

हसून विषय संपला. चार दिवसांनी मला ते वाक्य आठवलं.

पहिला निर्णय: कुलूप काढायचं का

थ्रॉटलस्टॉप नावाचा प्रोग्रॅम उघडला. व्होल्टेजचे सरकपट्टे निष्क्रिय. आता इथे दोन वेगवेगळी कुलपं असू शकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं बायोसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं. डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा दोष जाहीर झाला. संशोधकांनी दाखवलं की प्रोग्रॅममधून व्होल्टेज नेमकं खाली ओढून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात मुद्दाम चूक घडवता येते आणि त्यातून गुप्त किल्ल्या काढता येतात. त्यावर उपाय म्हणून इंटेलनं व्होल्टेज बदलण्याचा तो रस्ता बंद करायची सोय दिली, आणि लॅपटॉप कंपन्यांनी बायोस अपडेटमधून ती गावोगावी पोचवली. ताईंच्या लॅपटॉपचं बायोस मात्र घेतल्यापासून अपडेटच झालं नव्हतं. हे कुलूप नव्हतं.

दुसरं विंडोजचं, आणि तेच होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट थांबणार म्हणून ताईंनी हिवाळ्यातच विंडोज ११ कोरं टाकून घेतलं होतं. त्यात मेमरी इंटेग्रिटी हे संरक्षण चालू होतं. ते चालू असलं की विंडोज स्वतःच एका पहारेकऱ्याच्या थराखाली चालतं आणि तो थर व्होल्टेजची सेटिंग बदलू देत नाही.

म्हणजे व्होल्टेज उतरवायचं तर दोन किमती होत्या. बायोस जुनंच ठेवायचं, आणि मेमरी इंटेग्रिटी बंद करायची. पहिलीची मला फारशी चिंता वाटली नाही: प्लंडरव्होल्टसाठी हल्लेखोराला आधी मशीनवर पूर्ण अधिकार हवेत, आणि ताईंच्या कामात एसजीएक्सचा संबंधच येत नव्हता. दुसरी मला टोचत होती. त्याच लॅपटॉपवर नेट बँकिंग, जीएसटी, आणि गिऱ्हाइकांकडून येणारे अनोळखी पेनड्राइव्ह.

मी ताईंना स्पष्ट सांगितलं, त्यांनी विचारलं, “तुम्ही काय कराल?” मी म्हटलं, “बँकिंग फोनवर न्या, आणि सीझनपुरतं बंद ठेवू.” तसं केलं. आज विचार केला तर या प्रश्नाला माझं उत्तर चुकलं होतं. सल्ला धोकादायक होता असं नाही. पण आधी मोजायला हवं होतं की या किमतीच्या बदल्यात नेमकं किती मिळणार आहे.

दुसरा निर्णय: किती उतरवायचं

लॅपटॉप दुकानात आणला. आधी प्रोजेक्ट आणि फुटेज बाहेरच्या डिस्कवर, मग प्रयोग. सेटिंग जतन न करता लावायचं. म्हणजे लटकलाच तर पॉवर बटण दाबून बंद केला की पुढच्या वेळी सगळं मूळपदावर. सुरुवातीलाच ते विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हायला लावलं तर चालू होता होताच पडत राहणारा लॅपटॉप हातात येतो. हे मी एकदा भोगलं आहे.

कोअर आणि कॅशे (चिपमधली झटपट स्मृती) दोन्हीला सारखंच उतरवलं, कारण या पिढीत एकालाच उतरवून फळ मिळत नाही. आतल्या ग्राफिक्सला हात लावला नाही. टाइमलाइनवर फुटेज उलगडायचं काम तेच करतं.

उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात, दर वेळी १० नं खाली. प्रत्येक पायरीवर सिनेबेंच ही चिपला दमवणारी चाचणी दहा मिनिटं. उणे १०० आरामात. १२० आरामात. १४० वरही चाललं. १५० ला निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळलं. मग मी “सुरक्षित” म्हणून २० मागे आलो: उणे १३०. त्यावर सिनेबेंच तीनदा, प्राइम९५ ही आणखी जड चाचणी एक तास. एकही अडखळ नाही. वेग ३.५ च्या वर. एसीत तापमान ७९. मी खूश.

आणि तिथेच एक गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसली नाही. व्होल्टेज न उतरवताही दुकानात तापमान ७९ च होतं. एका अंशाचाही फरक नव्हता.

कारण साधं आहे, आणि इंटरनेटवर अंडरव्होल्टिंगची जाहिरात करणारे ते क्वचित सांगतात. चिपला ४५ वॉटची मर्यादा आहे. व्होल्टेज उतरवलं की त्याच वेगाला कमी वीज लागते, पण चिप वाचलेली वीज परत देत नाही. ती वेग वाढवते आणि पुन्हा ४५ ला जाऊन टेकते. ४५ वॉट म्हणजे ४५ वॉटचाच ताप, मग तो ३.१ वर होवो की ३.५ वर. थंडावा हवा असेल तर व्होल्टेज उतरवून शिवाय विजेची मर्यादाही खाली आणावी लागते. हलक्या कामांत, जिथे चिप मर्यादेला टेकतच नाही, तिथे मात्र नुसत्या व्होल्टेजनंही ताप उतरतो. म्हणून लोकांना वाटतं की उतरला.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. वेग वाढलेला पाहून मी मूळ तक्रारच विसरलो होतो. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप परत दिला.

काय बिघडलं

सोमवारी दुपारी फोन. लॅपटॉप गोठला. एक्स्पोर्ट चालू नव्हता. ताई वधूवरांच्या नावाचं टायटल टाइप करत होत्या. माउस जागीच. मी म्हटलं, एकदा होऊ शकतं, पाहू.

मंगळवारी त्या स्वतः दुकानात आल्या. पेनड्राइव्हवर एक फाइल. हळदीचा प्रसंग, मावशी नवरीच्या गालाला हळद लावतेय, आणि तिच्या मनगटापासून पडद्याच्या कडेपर्यंत हिरव्या चौकोनांचा एक पट्टा. चार फ्रेम, म्हणजे डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ. मूळ फुटेज स्वच्छ. तीच टाइमलाइन परत एक्स्पोर्ट केली तर पट्टा गायब. ताई प्रत्येक फाइल देण्याआधी दुप्पट वेगानं संपूर्ण पाहतात, म्हणून सापडला. दुसऱ्या कुणी ती फाइल तशीच दिली असती आणि मग लग्नाच्या व्हिडिओत हिरवी हळद लावल्याचं वर्षभर ऐकलं असतं.

मी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे लॅपटॉपमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडला. व्हीया-लॉगरच्या १९ क्रमांकाच्या सतरा नोंदी. हार्डवेअरनं चूक पकडली आणि दुरुस्त केली, असं सांगणाऱ्या. पहिली नोंद शनिवारची, माझ्याच दुकानातली, प्राइम९५ चालू असतानाची. चाचणी पास झाली म्हणून मी ही वही उघडलीच नव्हती. सतरा चुका चिपनं निस्तरल्या. अठरावी, बहुधा, मावशीच्या मनगटावर उतरली.

दोन कारणं दिसली. एक, माझं दुकान २६ अंशांचं आणि ताईंची खोली ३९ ची. तेरा अंशांचा तो फरक चिपपर्यंत जवळजवळ तसाच पोचतो: दुकानात ७९, खोलीत ९२. गरम चिपला त्याच वेगासाठी व्होल्टेज थोडं जास्त लागतं. थंडीत काठावर पास झालेली उन्हाळ्यात नापास. दोन, माझ्या सगळ्या चाचण्या सहाही कोअर दाबून धरणाऱ्या होत्या. टायटल टाइप करताना चिप वेगळंच वागते: क्षणात एक कोअर ४.५ वर चढतो, क्षणात सगळे ८०० मेगाहर्ट्‌झवर पेंगतात. वजाबाकी मात्र सगळीकडे सारखीच. पेंगताना चिप ०.६५ व्होल्टच्या आसपास असेल तर त्यातून १३० मिलिव्होल्ट काढणं म्हणजे पाचवा हिस्सा काढणं. उलट ४.५ वर चढताना फाजील कापड मुळातच कमी असतं. जड कामात टिकलेला लॅपटॉप म्हणूनच रिकामा बसल्या बसल्या गोठतो.

काकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मी म्हटलं होतं.”

तिसरा निर्णय: मागे किती यायचं

लॅपटॉप मूळपदावर आणला. ताईंच्या डोक्यावर पाच लग्नं होती. सगळं सोडून द्यायचा पर्याय मी स्वतःच पुढे केला. त्या म्हणाल्या, “रात्री मी झोपते तेव्हा करा काय ते. दिवसा मला लॅपटॉप पाहिजे.” म्हणून चाचण्या त्यांच्या खोलीत, रात्री, तीन रात्री.

या वेळी आधी विजेची मर्यादा बसवली: सततची ३८ वॉट, थोड्या सेकंदांची ६०. ती ९० होती. मग उणे ११५ वर एक रात्र. फुटेजचा ४० जीबीचा फोल्डर सेव्हन-झिप या फायली दाबून एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रॅमनं बांधायचा आणि लगेच त्याची तपासणी लावायची, हे आळीपाळीनं सकाळपर्यंत. बांधताना किंवा सोडताना एक बिट जरी चुकला तरी तपासणी फाइलच्या नावानिशी बोंब मारते. निळ्या पडद्यापर्यंत न जाणारी चूक पकडायला हे मला प्राइम९५ पेक्षा जवळचं वाटतं. सकाळी फायली ठीक, पण १९ क्रमांकाची एक नोंद. एक म्हणजे एक. उणे ११५ बाद.

दुसऱ्या रात्री उणे १०५. नोंद नाही. तिसऱ्या दिवशी त्याच आकड्यावर ताईंनी नेहमीचं काम केलं, मी मधे मधे झाकण बंद-उघड करायला लावलं, दहा वेळा झोपवून उठवलं, एका कोअरची सिनेबेंच चालवली. नोंद नाही. मग आणखी १० मागे येऊन उणे ९५ वर गाठ मारली. मे महिन्याची ती सवलत.

परिणाम

तीच टाइमलाइन, तीच खोली, दुपारची वेळ. ३८ वॉट, ३.२ गिगाहर्ट्‌झ, तापमान ८५. एक्स्पोर्ट ५२ मिनिटं. साफसफाईनंतरच्या ५४ पेक्षा दोन मिनिटं कमी आणि आठ अंश थंड. पंखा अजून ऐकू येतो, पण ओरडत नाही. जूनपर्यंत इव्हेंट व्ह्यूअर कोरा राहिला. दर सोमवारी ताई त्याचा फोटो काढून पाठवत, मी न सांगता.

टेबलावर एक चिठ्ठी चिकटवली होती: बायोस अपडेट विचारलं तर नाही म्हणा आणि मला फोन करा.

दिवाळीनंतर काय झालं

दिवाळीच्या सुट्टीत भाच्यानं लॅपटॉप वापरला, अपडेटचा चौकोन आला, त्यानं होकार दिला. चिठ्ठी पंचांगाखाली गेली होती. नव्या बायोसनं व्होल्टेजचं कुलूप लावलं. उणे ९५ गेलं. ३८ वॉटची मर्यादा मात्र तशीच लागू होत होती.

ताईंना हे तीन आठवडे कळलंच नाही. त्या दुसऱ्याच कामासाठी आल्या तेव्हा मला दिसलं. जुनं बायोस परत घालायचं का, हा प्रश्न होता, आणि या वेळी मी आधी मोजलं. दुकानात, एसी बंद करून, हीटर लावून तापमान ३९ वर आणलं. शेजारच्या दुकानदाराला मी वेडा वाटलो. मूळ व्होल्टेज, ३८ वॉट: वेग २.९, तापमान तेच ८५, एक्स्पोर्ट ५७ मिनिटं.

म्हणजे थंडावा सगळा त्या मर्यादेचा होता. व्होल्टेजनं काय दिलं? पाच मिनिटं. सीझनमध्ये दिवसाला चार एक्स्पोर्ट धरले तर वीस मिनिटं, ती काही थोडी नाहीत. पण त्यासाठी बायोस मागे नेणं, मेमरी इंटेग्रिटी बंद ठेवणं आणि परत तीन रात्री जागणं ताईंना परवडणार नव्हतं. त्यांनी वीस सेकंदांत निर्णय दिला.

पुन्हा करायचं झालं तर

साफसफाईनंतर लगेच, त्याच भेटीत, विजेची मर्यादा ३८ वर आणून एक एक्स्पोर्ट लावला असता. तासाभरात कळलं असतं की ९३ चे ८५ झाले आणि तीनच मिनिटं गेली. मग व्होल्टेजचा प्रश्न “ही तीन मिनिटं परत हवीत का, आणि कशाच्या बदल्यात” असा छोटा झाला असता. सीझन चालू असताना उत्तर कदाचित “नको” आलं असतं.

सीझनच्या मधोमध हा प्रयोग मी आता कुणाच्याही चालत्या धंद्याच्या मशीनवर करत नाही. डिसेंबरात आणा, सांगतो, आणि मेसाठी १० मिलिव्होल्ट जास्त सोडतो. विद्यार्थी गेम खेळायला आणतात त्यांना निळा पडदा परवडतो. त्यांच्या बाबतीत मी अजूनही उदार आहे. त्यांना आधी एवढंच विचारतो की लॅपटॉप होस्टेलच्या कोणत्या मजल्यावर असतो.

उणे १३० वर पोचलो त्या शनिवारी इव्हेंट व्ह्यूअर उघडायला दोन मिनिटं लागली असती. त्याला काही सबब नाही.

लॅपटॉपची आजची स्थिती: नवं बायोस, मूळ व्होल्टेज, मेमरी इंटेग्रिटी चालू, बँकिंग परत त्याच्यावर, ३८ वॉटची मर्यादा कायम. पात्यांची धूळ दर सहा महिन्यांनी. गल्लीतला सिमेंट रस्ता पूर्ण झाला आहे, आणि वरच्या खोलीतल्या एसीचे हप्ते सुरू झाले आहेत.